कार्ताहेनाच्या खाडीतला शिडाखालचा संसार

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचे कार्ताहेना हे बंदर १५३३ साली पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने वसवले. पुढची अडीचशेहून अधिक वर्षे दक्षिण अमेरिकेतल्या सोन्या-चांदीची ने-आण, आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची विक्री आणि स्पेनच्या गलबतांची दुरुस्ती या शहराच्या आश्रयाने चालली. आज या खाडीत कंटेनरची अवाढव्य जहाजे येतात, पर्यटकांनी भरलेल्या बोटी येतात आणि त्यांच्याच शेजारी दहा ते चौदा मीटर लांबीच्या शिडाच्या होड्याही नांगर टाकतात. या छोट्या होड्यांवर पगारी खलाशी नसतात. बहुधा एखादे जोडपे असते, कधी मुलाबाळांसह कुटुंब. जमिनीवरचे घर विकून किंवा भाड्याने देऊन ही माणसे वर्षानुवर्षे समुद्रावर राहतात. वारा मिळेल तसे एका देशातून दुसऱ्या देशात जातात आणि एखाद्या बंदरात चार-सहा महिने मुक्काम ठोकतात.

कार्ताहेनाला त्यांनी यावे याची कारणे नकाशातच दिसतात. हे शहर साडेदहा अंश उत्तर अक्षांशाच्या जरा खाली आहे. जून ते नोव्हेंबर या काळात कॅरिबियन समुद्रात चक्रीवादळे घोंगावतात, पण त्यांचा नेहमीचा मार्ग बराच उत्तरेकडून जातो. शहर पनामाच्या वाटेवर आहे, त्यामुळे कालवा ओलांडून प्रशांत महासागरात जाणाऱ्यांना इथे थांबून तयारी करता येते. खाडी बेटांच्या आडोशाला आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात स्पेनचे व्यापारी तांडे इथे थांबत, तेही याच कारणांसाठी. स्पेनहून आलेली गॅलियन जहाजे कार्ताहेनात विसावत. पेरूची चांदी पनामाची चिंचोळी भूपट्टी ओलांडून पोर्तोबेलोला पोचली की तिथे जाऊन ती भरून घेत, डागडुजीसाठी पुन्हा कार्ताहेनाला येत आणि मग हवानामार्गे मायदेशी परतत. तोफा गेल्या, चांदी गेली. वारा, गाळ, उष्मा आणि गोड्या पाण्याची टंचाई मात्र तशीच राहिली. म्हणूनच होडीवर राहून पाहिलेले कार्ताहेना हॉटेलात उतरून पाहिलेल्या शहरापेक्षा जास्त उलगडते.

बहुतेक होड्या पूर्वेकडून, अरुबा, कुरासाव किंवा सांता मार्ताकडून, पाठीवर वारा घेऊन येतात. हा ईशान्येचा व्यापारी वारा डिसेंबर ते मार्च या महिन्यांत या किनाऱ्यावर इतका जोर धरतो की पंचवीस-तीस नॉट वेग ही रोजची बाब होते. त्यामुळे कार्ताहेनाला येणे सोपे आणि पूर्वेकडे परतणे महाकठीण. वाटेत बारांकिया शहराजवळ माग्दालेना ही कोलंबियाची मोठी नदी समुद्राला मिळते. तिथे निळे पाणी एकदम तपकिरी होते. नदीचा लोंढा आणि वाऱ्याने उठलेल्या लाटा एकमेकांवर आदळतात आणि पाण्यात उन्मळलेली झाडे, ओंडके, जलपर्णीचे पुंजके वाहत असतात. अर्धवट बुडालेला ओंडका रात्री दिसत नाही आणि रडारलाही कळत नाही. म्हणून शहाणे नाखवे आपली वेळ अशी जुळवतात की नदीचे मुख दिवसाउजेडी पार व्हावे. होडीवर दोघेच असतील तर तीन-चार तासांची पाळी लावून एक जण जागा राहतो आणि दुसरा झोपतो. जागणाऱ्याचे काम आळीपाळीने क्षितिज पाहणे, आसपासच्या जहाजांच्या खुणा पडद्यावर तपासणे आणि दर तासाला जागा, वारा, वायुदाब वहीत टिपणे हे असते.

खाडीत शिरायला दोन तोंडे आहेत आणि शहराचा अर्धा इतिहास या दोन तोंडांमध्ये मावतो. मधोमध तिएरा बोम्बा हे बेट आहे. त्याच्या उत्तरेचे रुंद तोंड बोकाग्रांदे, दक्षिणेचे अरुंद तोंड बोकाचिका. १६४० साली बोकाग्रांदेत तीन जहाजे रुतली. त्यांच्या सांगाड्यांभोवती वाळू साठत गेली आणि ते तोंड बुजले. मग सगळी वाहतूक बोकाचिकाकडे वळली आणि किल्ले, तोफाही तिकडे उभ्या राहिल्या. पुढे शंभरेक वर्षांनी समुद्राने वाळूचा बांध फोडला, बोकाग्रांदे पुन्हा उघडे पडले आणि बोकाचिकात गाळ भरू लागला. रुंद तोंडाचे रक्षण करणे अवघड, अरुंद तोंडाचे सोपे. तेव्हा अंतोनियो दे आरेवालो या लष्करी अभियंत्याने १७७१ ते १७७८ या काळात बोकाग्रांदेच्या पाण्याखाली सुमारे तीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत घातली. वरून समुद्र मोकळा दिसावा आणि शत्रूच्या जहाजाचा तळ मात्र दगडावर फुटावा, अशी ती योजना. विजयदुर्गाच्या पश्चिमेला समुद्रतळाशी असलेल्या दगडी भिंतीबद्दल मराठी वाचकाने ऐकलेले असतेच. ती भिंत जेमतेम सव्वाशे मीटरची आहे. आरेवालोच्या कामाचा आवाका त्यावरून लक्षात यावा.

ही भिंत आजही शाबूत आहे आणि आपले काम करते आहे. मोठी जहाजे आजही बोकाचिकाचाच वळसा घेतात. शिडाच्या होड्यांसाठी भिंतीत एक अरुंद वाट आहे. तिच्या दोन बाजूंना एक लाल आणि एक हिरवा बोया तरंगत असतो. त्या दोहोंच्या बरोबर मधून जायचे. समोर खुले पाणी दिसत असताना, दोन्ही हातांना दगड आहेत हे माहीत असल्यामुळे, होडीवरचे सगळे त्या काही मिनिटांत गप्प होतात. एका बाबतीत भारतीय नाखव्याने इथे विशेष सावध राहावे. भारतीय बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. अमेरिका खंडात नियम उलटा आहे, तिथे लाल उजव्या हाताला. सवयीने सुकाणू फिरवले तर आरेवालोची भिंत कामी येईल.

बोकाचिकाने आत यायचे तर अंतर बरेच वाढते, पण पहिल्यांदा येणाऱ्याने तोच मार्ग घ्यावा. एका बाजूला सान फर्नांदो किल्ला, समोर सान होसेची तोफांची माची, मधून निमुळता जलमार्ग. मार्च १७४१ मध्ये इंग्रज दर्यासारंग एडवर्ड व्हर्नन सुमारे १८० जहाजे आणि पंचवीस हजारांवर माणसे घेऊन याच तोंडाशी आला. बचावाची धुरा ब्लास दे लेसोकडे होती. त्याचा एक पाय, एक डोळा आणि एका हाताची ताकद आधीच्या लढायांत गेली होती आणि त्याच्यापाशी युद्धनौका होत्या सहा. त्या काळी इथे सान लुईस नावाचा किल्ला होता. तो पडला, इंग्रज खाडीत शिरले, विजय झालाच असे समजून इंग्लंडमध्ये त्याची पदकेही पाडली गेली. पण सान फेलिपे दे बाराहास या टेकडीवरच्या किल्ल्यावरचा हल्ला फसला, पावसाळा सुरू झाला आणि पीतज्वराने छावणी पोखरली. मे महिन्यात व्हर्नन माघारी गेला. लेसोही त्याच वर्षी वारला. उद्ध्वस्त झालेल्या सान लुईसच्या जागी मग सान फर्नांदो बांधला गेला. आज त्याच्या भिंतींना जवळजवळ खेटून कंटेनरची जहाजे जातात आणि छोट्या होडीला कडेला सरकून त्यांना वाट द्यावी लागते.

आतल्या खाडीत होड्या मांगा बेटाच्या आडोशाला थांबतात. इथे नौकाविहार क्लबचे धक्के आहेत. त्यांतल्या एका क्लबाचे आवार तर सान सेबास्तियान देल पास्तेलियो या जुन्या किल्ल्यातच आहे. धक्क्याचे भाडे परवडत नसेल किंवा वाऱ्याची झुळूक हवी असेल तर बाहेर नांगर टाकायचा. नांगर टाकणे म्हणजे लोखंड पाण्यात सोडणे एवढेच नसते. पाणी दहा मीटर खोल असेल तर निदान पन्नास मीटर साखळी सोडावी लागते, म्हणजे ओढ तळाला समांतर बसते आणि नांगराचे फाळ गाळात रुततात. मग इंजिन उलटे चालवून ताण द्यायचा, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून होडी सरकते का ते पाहायचे. पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दुपारनंतर एकाएकी उलट्या दिशेने वादळी वारा सुटतो. सगळ्या होड्या एकदम फिरतात, कुणाचा तरी नांगर उखडतो आणि ती होडी शेजाऱ्यांच्या अंगावर येते. अशा वेळी आपली होडी सोडून दुसऱ्याची वाचवायला रबरी डिंगीत उड्या घेणारे लोक पाहिले म्हणजे या वस्तीतला शेजारधर्म कळतो. एरवी रेडिओच्या ठरलेल्या वाहिनीवर हवामानाचा अंदाज, सुट्या भागांची चौकशी, चांगल्या दंतवैद्याचा पत्ता यांची देवाणघेवाण चालते. उपद्रव असतो तो प्रवासी लाँचचा. दिवसभर त्या भरधाव जातात आणि त्यांच्या लाटांनी टेबलावरचे पेले कलंडतात.

नांगर पडला तरी लगेच शहरात जाता येत नाही. डोलकाठीवर यजमान देशाचा ध्वज आणि त्याखाली पिवळा ध्वज चढवायचा. पूर्वी पिवळा रंग साथीच्या रोगाची खूण होता. आज त्याचा अर्थ होडीवर सगळे निरोगी आहेत, प्रवेशाची परवानगी द्यावी, असा आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ या कादंबरीच्या शेवटी नदीतल्या बोटीवर चढतो तो याच जातीचा ध्वज. मार्केसने १९४८ साली कार्ताहेनातल्या ‘एल उनिव्हेर्साल’ या दैनिकात पत्रकारिता सुरू केली होती आणि त्याच्या अस्थी याच शहरातल्या ला मेर्सेद मठाच्या आवारात आहेत. कोलंबियात कागदपत्रांसाठी अधिकृत एजंट नेमावा लागतो. तो पासपोर्टवर शिक्के आणतो, होडीची तात्पुरती आयात नोंदवतो, बंदर कप्तानाच्या कचेरीतली कामे उरकतो. आधीच्या देशाने दिलेला निर्गमनाचा परवाना नसेल तर पुढे काहीच हलत नाही.

जहाज आले की तपासनीस चढायचा, ही रीत या बंदरात जुनी आहे, आणि तिची एक बाजू भयंकर आहे. स्पॅनिश अमेरिकेत गुलाम उतरवण्याचा अधिकृत परवाना असलेल्या मोजक्या बंदरांत कार्ताहेना अग्रगण्य होते. अधिकारी मोजदाद करायचे, शहरातल्या चौकात विक्री व्हायची. सतराव्या शतकात पेद्रो क्लाव्हेर हा येशूसंघीय धर्मगुरू जहाज लागताच त्याच्या तळाशी उतरून त्या माणसांना पाणी, अन्न, औषध द्यायचा. १८८८ साली चर्चने त्याला संतपद दिले. त्याचे अवशेष त्याच्याच नावाच्या चर्चमध्ये वेदीखाली आहेत. होडीच्या खालच्या केबिनमध्ये झडपा बंद करून भर दुपारी अर्धा तास बसले तरी जीव कासावीस होतो. महासागर ओलांडताना साखळदंडांत जखडून आणलेल्या माणसांचे काय झाले असेल, याचा अंदाज इथे पुस्तकापेक्षा लवकर येतो.

होडीवरच्या संसारात पहिली चिंता पाण्याची. टाक्यांत चारशे-पाचशे लिटर मावते. दोघांनी माणशी दहा-पंधरा लिटरमध्ये दिवस भागवला तर ते पंधरा-वीस दिवस पुरते. भांडी आधी खाऱ्या पाण्यात विसळतात, गोडे पाणी शेवटच्या हातापुरते. अंघोळ म्हणजे तांब्या-दोन तांबे. अनेक होड्यांवर समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र असते, पण कार्ताहेनाच्या खाडीत ते चालवत नाहीत. माग्दालेना नदीला खाडीशी जोडणारा देल दिके हा कालवा स्पॅनिशांनी १६५० साली खणला. तो आजही नदीचा गाळ खाडीत आणून ओततो आणि त्यात शहराचे सांडपाणी मिसळते. अशा पाण्याने यंत्रातली गाळणपटले बुजून जातात. मग धक्क्यावरून कॅन भरून आणायचे किंवा पावसाळ्यात डेकवर ताडपत्री ताणून पाणी धरायचे. शहरानेही शतकानुशतके हेच केले. भूगर्भातले पाणी मचूळ, म्हणून घराघरांत आणि किल्ल्यांत पावसाच्या पाण्याची तळटाकी असत. जुन्या वाड्यांच्या चौकात आणि सान फर्नांदोच्या आवारात ती आजही दिसतात.

दुसरी झुंज होडीच्या तळाशी चालते. कोमट, गढूळ, पोषक पाण्यात बार्नॅकल नावाचे कवचधारी जीव झपाट्याने वाढतात. महिनाभर न हललेल्या होडीचा पंखा त्यांच्या थराखाली असा झाकला जातो की इंजिन चालू केले तरी होडी जागची हलत नाही. नांगराची साखळी वर ओढली तर कड्यांत शिंपले, शेवाळ आणि चिखल यांचा गोळा. पाणबुड्या बोलावून पत्र्याच्या खरवडणीने पंखा आणि तळ साफ करवून घ्यावा लागतो, आणि ते कवच इतके धारदार असते की हातमोज्याशिवाय हात घालता येत नाही. लाकडी जहाजांच्या काळात याहून वाईट होते. लाकूड पोखरणारा समुद्री किडा या पाण्यात फोफावतो. कोलंबसाला चौथ्या सफरीत, १५०३ साली, याच किड्याने चाळण केलेले एक जहाज पोर्तोबेलोला सोडून द्यावे लागले होते. गॅलियनांचा तळ खरवडून त्यावर डांबर चढवण्याचे काम कार्ताहेनात सतत चालत असे. आज होडी किनाऱ्यावर उचलून विषारी रंग लावतात. सुतार, वेल्डर, शीड शिवणारे आणि गाद्या बनवणारे चांगले कारागीर इथे मिळतात, म्हणूनही मुक्काम लांबतो.

उष्मा आणि दमट हवा यांचे दुखणे कोकणात राहणाऱ्याला नवे नाही: चामड्यावर बुरशी, कपड्यांना वास, लोखंडाला गंज. दिवसा डेकवर कापडी छत ताणतात. सौरपट्ट्यांवर बॅटऱ्या भरतात आणि त्यावर पंखे, दिवे, फ्रिज चालतात. संध्याकाळी प्रत्येक झडपेला जाळी लागते, कारण व्हर्ननच्या फौजेला ज्या जातीच्या डासाने संपवले तोच आज डेंग्यू पसरवतो. रात्री डिंगी दोरांनी उचलून होडीच्या कुशीला टांगतात. पाण्यात सोडलेली डिंगी चोरीला जाते, आणि डिंगी गेली म्हणजे घराचे पायच गेले.

बाजारासाठी शहरातली थोरली मंडई बासुर्तोची. इथे गोंगाट आहे, चिखल आहे, पण ताजा माल इथेच आहे: युका, नारळ, रताळी, हिरवी राजेळी जातीची केळी, आंबे, मासळी. या केळ्यांचे जाड काप तळून, ठेचून चपटे करतात आणि पुन्हा तळतात. अंडे भरून तळलेली मक्याची आरेपा ही इथली न्याहारी. लांबच्या प्रवासासाठी कोबी, कांदे, बटाटे, लाल भोपळा घेतात. अंडी न धुतलेली, कधीही फ्रिजमध्ये न ठेवलेली मागून घ्यायची. ती बाहेर आठवडेच्या आठवडे टिकतात. खोकी होडीवर कधी आणायची नाहीत, कारण पुठ्ठ्याच्या सांध्यांत झुरळांची अंडी असतात. धक्क्यावरच सगळे उतरवायचे, फळे धुऊन पुसून मगच आत न्यायची. स्वयंपाकघर म्हणजे दोन हात पसरले की संपणारी जागा. होडी कलली तरी शेगडी समतोल राहावी म्हणून ती दोन खुंट्यांवर झुलती बसवलेली असते आणि भांडे सरकू नये म्हणून कडेने चिमटे असतात. समुद्रावर सगळ्यात भरवशाचे भांडे प्रेशर कुकर. गॅस कमी लागतो, लाटेच्या धक्क्याने झाकण उडत नाही, उकळते अन्न अंगावर सांडत नाही.

कामे उरकली की मांगाचा पूल ओलांडून चालत गेत्सेमानीत जाता येते. ही कारागिरांची वस्ती. ११ नोव्हेंबर १८११ रोजी कार्ताहेनाने स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्य पुकारले, तेव्हा इथलेच लोक रस्त्यावर उतरले होते. चार वर्षांनी स्पॅनिश सेनापती पाब्लो मोरियोने शहराला वेढा घातला. ऑगस्ट ते डिसेंबर १८१५ या काळात हजारो माणसे उपासमारीने मेली. तटबंदीने शत्रूला बाहेर ठेवले, पण धान्यही बाहेरच राहिले. जुन्या शहराभोवतीच्या तटाच्या आतल्या बाजूला लास बोव्हेदास नावाचे तेवीस कमानदार गाळे आहेत. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधले गेले. कोठार म्हणून वापरले, तुरुंग म्हणून वापरले, आता तिथे हस्तकलेची दुकाने आहेत. १९८४ साली बंदर, किल्ले आणि जुने शहर यांचा युनेस्कोने जागतिक वारशात समावेश केला. डोक्यावर फळांची पाटी घेतलेल्या, रंगीत घागऱ्यातल्या बायका चौकाचौकांत दिसतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात, पण त्यांच्या गावाचा इतिहास फार थोड्यांना माहीत असतो. सान बासिलियो दे पालेंके हे गाव कार्ताहेनातून पळालेल्या गुलामांनी वसवले आणि लढून टिकवले. त्यांची आफ्रिकी शब्द मिसळलेली भाषा आजही तिथे बोलली जाते. एका दिवसाची वाट वाकडी करून ते गाव पाहावे, तटबंदीवरून दिसणाऱ्या सूर्यास्तापेक्षा ते मोलाचे आहे.

निघायची वेळ आली की एजंटाकडून निर्गमनाचा परवाना घ्यायचा, टाक्या आणि गॅसची नळकांडी भरायची, पाणबुड्याला शेवटचे बोलावायचे. पहिला टप्पा बहुधा नैर्ऋत्येला दिवसभराच्या अंतरावरची रोसारिओ बेटे. तिथले पाणी स्वच्छ आहे, त्यामुळे उरलासुरला तळ स्वतः बुडी मारून खरवडता येतो आणि यंत्राने टाक्याही भरता येतात. याच बेटांच्या आसपासच्या समुद्रात ८ जून १७०८ रोजी इंग्रजांशी लढताना ‘सान होसे’ हे खजिन्याचे गॅलियन सुमारे सहाशे माणसांसह बुडाले. २०१५ मध्ये कोलंबियाने ते सापडल्याचे जाहीर केले. पुढे पनामाच्या हद्दीतली गुना आदिवासींची बेटे सुमारे दोनशे सागरी मैलांवर आहेत. पाच-सहा नॉटच्या वेगाने हा दोन रात्रींपर्यंतचा प्रवास. कोलंबिया आणि पनामा यांच्यामध्ये दारिएनचे जंगल आहे आणि त्यातून रस्ता नाही, म्हणून पाठीवर पिशव्या घेतलेले तरुण प्रवासी पैसे मोजून अशाच शिडाच्या होड्यांवरून हे अंतर काटतात. गुना बेटांवरून पनामा कालव्याच्या तोंडाशी असलेल्या कोलोनला पोचायला किनाऱ्याकिनाऱ्याने दोन-तीन दिवस लागतात, आणि वाटेत पोर्तोबेलो लागते.